पहिल्या हाकेला

दिघंचीच्या रस्त्याला, माळावर,
दोन दारांच्या जाळीघरात
डाळिंबाची एकोणीस रोपं आहेत.
एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही.
मधल्या बोळकांडीत आम्ही हात धुतो, पाय धुतो,
तायाप्पा मेटकरी टोपी काढून खिळ्याला अडकवतात.
देवळातही काढत नाहीत ती.

तेल्या इथे सगळ्यांच्या ओळखीचा.
पानावर तेलाचा थेंब सांडावा तसा येतो,
मग डाग काळा पडतो,
मग फळाला तडा जातो, वाय अक्षरासारखा,
आणि आत दाणे तसेच लालभडक.
आपल्या बागेतली तीनशे चाळीस झाडं
तायाप्पांनी बुडातून काढली होती.
दर झाडानंतर कात्री औषधात बुडवायची.
पुढचंही झाड जाणारच होतं,
तरी बुडवायची.
सवय, म्हणाले.

मी मिरजेची. मला झाडं माहीत नव्हती,
झाडाची अक्षरं माहीत होती.

पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं,
"ह्या रोपास्नी काय शिकीवलंसा, ताई?"
म्हटलं, शिकवलं काहीच नाही.
हा जिवाणू पानाच्या बारीक भोकांतून आत शिरतो
आणि झाडाला हाक मारतो.
आवाज घरच्यासारखा काढतो.
झाड उठतं,
साखरेचा डबा उघडून देतं.
ती हाक जिथं ऐकू येते
तिथली नऊ अक्षरं आम्ही खोडली.
बस्स, एवढंच.

तायाप्पा नळीतलं पाणी कुंडीत पडताना बघत राहिले.
"म्हंजी बहिरं केलंसा."
कुंडी भरून वाहिली तेव्हा म्हणाले,
"न्हाय, बहिरं न्हाय.
आमची आई सांगायची,
रातच्याला कुणी नावानं हाक मारली
तर पहिल्या हाकंला ओ द्यायची न्हाय.
माणूस आसंल तर परत मारंल."

माझ्या प्रबंधात यावर सत्तावीस पानं आहेत.

मग मंगळवारी तेल्या मीच आणला,
कुपीत, पिवळसर, गढूळ,
आणि बिनसुईची सिरिंज
एकेका पानाच्या पाठीला टेकवून
आत सोडला.
तायाप्पा बाहेर जाऊन उभे राहिले.
दोन्ही दारं नीट लावून.

अकराव्या दिवशी
मूळची सहा रोपं तेलकट.
बदललेली नऊ, कमी-जास्त, पण तेलकटच.
चार कोरडी.

चार म्हणजे काहीच नाही, मी म्हटलं,
त्यांना, आणि थोडं मलाही.
जिवाणू उद्या दुसऱ्या नावानं हाक मारेल.
आणि साखर तर दाण्यालाही लागते,
डबा कायमचाच बंद राहिला
तर काय पिकेल, कसं पिकेल,
कुणी चाखलेलं नाही अजून.
"चाखाय कवा मिळंल?"
कधीच नाही. या चारांना फळ धरू द्यायचं नाही,
फूलसुद्धा नाही,
पराग बाहेर जाता कामा नये.
काम संपलं की भट्टी. नियम आहे.

त्यांनी वाद घातला नाही.
आता रोज सकाळी चष्मा लावून
फांदी न् फांदी बघतात,
लाल टोक दिसलं की नखानं खुडतात,
खुडलेली कळी पिशवीत, पिशवीला गाठ,
आणि वहीत, तिरक्या अक्षरात:
रोप सात, कळ्या दोन, काढल्या.
रोप बारा, कळी एक, काढली.
कालच्या नोंदीखाली एक ओळ जास्तीची होती,
कुठल्याच रकान्यात न बसणारी.
रोप बारा, रंग चांगला होता.
ती ओळ मी खोडली नाही.

आज खरसुंडीकडून ढग चढलेत.
हवा दमट, घुसमटलेली,
तेल्याला आवडते तशी.
तायाप्पा उठले, कोपऱ्यात गेले,
पाठीवरच्या पंपासाठी हात वर केला
आणि तसेच थांबले.
इथे पंप नाही.
फवारायचं काही नाही.
रिकाम्या हातानं त्यांनी
जाळीचा पडदा थोडा खाली ओढला,
मग पुन्हा वर केला.